ओल्या वजनाचा विजय

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. (कागदावर घालायला सोपा जातो. प्रत्यक्ष घालायचा तर आधी तुम्ही दार उघडायला हवं.) मामींचा गुडघा कसा आहे? तुम्हाला झोप लागते ना? माझी तब्येत ठणठणीत आहे, लाज तेवढी वाटते.

चार महिन्यांपूर्वी आपण दोघांनी विद्यार्थ्यांसमोर बेंझोइक आम्ल बनवलं, तुम्ही तुमच्या पद्धतीनं, मी माझ्या. तुमची पद्धत म्हणजे टोल्युइनमध्ये परमँगनेट घालायचं आणि जांभळा रंग जाईपर्यंत चार तास उकळत बसायचं. मग तो तपकिरी चिखल गाळायचा आणि बोटांना डाग पाडून घ्यायचे (ज्यांवरून मामी तुम्हाला भर गर्दीत ओळखतात). मी सगळ्यांदेखत म्हणालो, ही तर भांडी घासायची पद्धत. माझी पद्धत नवी, झटपट! मॅग्नेशियम, ब्रोमोबेंझीन, ईथर आणि शेवटी गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. अट एकच, तोवर पाण्याचा थेंब चालत नाही. पण मॅग्नेशियम जे रुसून बसलं, ते तासभर ढिम्म हलेना. मी आयोडीनचा खडा टाकला, गयावया केली, त्याला 'बाळा'सुद्धा म्हणालो. विद्यार्थी खिदळले, तुम्ही हसला नाहीत. उलट तुमचं उकळणं सोडून आलात, माझा फ्लास्क दोन्ही तळहातांत धरलात, आणि त्या उबेनं त्यात बुडबुडे आले. (हे मी अहवालात लिहिलं नाही.)

दुसऱ्या दिवशी सकाळी वजन. तुमचे स्फटिक कागदावर पातळ पसरून रात्रभर वाळवलेले, माझे शेवटी पाण्यानं धुऊन घाईघाईनं बाटलीत कोंबलेले. तुमचा उतारा (हिशेबानं मिळायला हवं त्यातलं हाती आलेलं) एकसष्ट टक्के, माझा ब्याण्णव. तुम्ही बाटलीकडे बघून एवढंच म्हणालात, "उद्या पुन्हा वजन कर." त्यावर मी, तुमच्या हाताखाली शिकलेला भाचा, काय बोललो? "हरलात की मामा, आता उद्याची कशाला वाट बघता?" सगळा वर्ग हसला. तुम्ही एप्रन खुंटीला अडकवलात आणि गेलात, ते आजतागायत प्रयोगशाळेत फिरकला नाहीत.

काल कपाट आवरताना ती बाटली हाती लागली. झाकण सैल होतं. वजन केलं तर अडतीस टक्के! बाकीचं पाणी होतं, ते उडून गेलं. ज्या पद्धतीत पाण्याचा थेंब चालत नाही, तिच्यातला माझा विजय अर्ध्याहून जास्त पाण्याचा निघाला. मामा, मला फार वाईट वाटतंय. टक्क्यांचं नाही. त्या खुंटीकडे बघवत नाही.

तुमचा,
उतावळा भाचा

ता.क. नवी प्रयोगपुस्तिका शनिवारी छापायला जाते आहे. तुमची पद्धत तिच्यातून माझ्याच सांगण्यावरून वगळली आहे. विभागप्रमुख म्हणतात, गुरुवारी कोरड्या वजनावर तुलना करून दाखवा, मग बघू. मी तुमच्या पद्धतीनं दोनदा करून पाहिलं. एकदा गाळणी तुंबली, एकदा सगळं उसळून छताला लागलं. गुरुवारी याल का?

आणखी एक ता.क. वर मी सगळं कालच कळल्यासारखं लिहिलंय. अडतीसचा आकडा काल कळला, हे खरं. पण बाटलीच्या आत काचेवर धरलेलं पाणी मी त्याच सकाळी पाहिलं होतं, आणि त्यावर बाहेरून लेबल चिकटवलं. तुम्हीही पाहिलं होतंत. माझी शोभा होऊ नये म्हणून 'उद्या' म्हणालात. गुरुवारी हे मी वर्गाला सांगणार आहे, तुम्ही आला नाहीत तरी.