सार्थकच्या माघारी

सणसर, ता. इंदापूर
१२ जानेवारी २०२५

ती. धोंडाआत्यास,
योगिनीचा शि. सा. न. वि. वि.

शेततळ्याच्या कडेला दोर बांधून ठेवला असता, तर सार्थक वर आला असता का? मुलगा बुडाल्यापासून जेवायला बसलं की आबा रोज हेच विचारतात. आत्या, मला याचं उत्तर येत नाही. तळ्यातल्या प्लॅस्टिकवर पाय ठरत नाही, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. दोर मात्र कुणाच्याच तळ्याला नव्हता. आधी मी ठामपणे सांगायचे की तुमची चूक नाही. मग ते ताट सरकवून उठायचे. घरातली पहिली पदवीधर मी, तीही समाजकार्याची, आणि स्वतःच्या बापाला चार घास जेवू घालता येत नाहीत.

म्हणून दर मंगळवारी त्यांना बारामतीला राजलक्ष्मीताईंकडे नेते. त्या समुपदेशक आहेत. दुःखातल्या माणसांशी बोलतात. आबा आधी म्हणाले, मी काय येडा हाय का. आई म्हणाली, नसला तर तसं त्यांच्याकडून लिहून आणा. ते हसले नाहीत, पण चपला घातल्या. पहिल्या भेटीत त्यांनी फक्त उसाला तोड कधी येणार ते सांगितलं. ताईंनी तेवढंही मन लावून ऐकलं.

तू दुखवटा काढायला येणार, असं सोपानकाका सांगत होते. रागावू नकोस, पण इतक्यात येऊ नकोस. पाहुणे गळ्यात पडून रडतात आणि आबा पुढचे दोन दिवस बोलत नाहीत. सध्या मी सगळ्यांनाच थांबवलंय.

गुडघ्याला तेल लावत जा. माया आहेच, ती कमी करू नकोस.
तुझी योगिनी


मोरगाव
२० जानेवारी २०२५

चि. योगिनीस,
आत्याचा आशीर्वाद.

फोनवर ऐकू येत न्हाय म्हणून लिवते. अक्षर वाकडं हाय, समजून घे.

दुखवट्यासाठी तुझ्या आबाची, सिद्धूची टॉवेल-टोपी अन् तुझ्या आईची साडी आणली हुती, ती ट्रंकेत टाकली. त्या ताईंचं मला कळत न्हाय, पण सिद्धू दुसऱ्यांदा गेला म्हंजी बाई चांगली आसंल. जाऊ दे त्याला.

पण तू मला पाव्हण्यांत धरलंस व्हय गं? त्याला मी कडंवर घेऊन मेंढरामागं हिंडलीया. अन् सार्थक माझा कुणीच नव्हता का? दर सुट्टीला हितं यायचा, माझी शेरडं पार रानभर पळवायचा. मला बी रडायचंय. ते कुणाच्या दारात रडू, तेवढं तुझ्या पुस्तकात बघून सांग.

आईला जेवाय घाल. तू बी जेव. राग हाय, पण तुझ्यावरच हाय म्हणून लिवलं.
धोंडाबाई


बारामती
४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
योगिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि मी ताईंकडे एकटी गेले. त्यांनी एवढंच विचारलं, की पाहुणे थांबवायला मी तुला सांगितलं होतं का? नव्हतं. ते माझं मीच ठरवलं होतं. मग मी तिथेच बसून रडले. सार्थक गेल्यापासून पहिल्यांदाच.

आजच्या भेटीत आबांनी तो दोराचा प्रश्न ताईंना विचारला. त्या हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, सार्थक कसा होता? मग आबा त्याची गाडी सुसाट पळवण्याची खोड, गुळाची चोरी, आईची नक्कल, असं कितीतरी सांगत राहिले. मध्येच हसले आणि हसल्यावर रडले. बाहेर आल्यावर तुझी आठवण काढून म्हणाले, ह्ये सगळं अक्काला सांगाय पायजे.

दोराचं उत्तर मला अजून येत नाही. आबा पुन्हा विचारतील. पण आता त्यांना गप्प करण्यासाठी मी काहीबाही बोलणार नाही.

हे पत्र मी पोस्टात टाकलेलं नाही. स्टँडच्या बाकावर बसून लिहिलं, आबांच्या खिशात घातलं आणि त्यांना मोरगावच्या एसटीत बसवलं. तू वाचत असशील तेव्हा ते समोरच असतील. पुढच्या मंगळवारी तूच त्यांना बारामतीला घेऊन ये; मी आईला आणते. आता लगेच चहा-पाण्याला उठू नकोस. त्यांना जवळ बसव आणि दोघं हवं तेवढं रडा.

राग उरला असेल तर तोही कळव.
तुझी योगिनी