आत्याच्या झाडावरचं लाल पातेलं

३ ऑगस्ट

लाल पातेलं खाली कोणी उतरवायचं — मुलीने, की तिच्या बापाने?

मला सांगता येत नाही. लोकजीवनाच्या अभ्यासात पदवी घेतली, घरातली पहिली पदवी, आणि एवढं सांगता येत नाही. गावच्या प्रदर्शनात नोकरी करते, तिथली ही पाटी मीच लिहिली: ‘शंभर वर्षांपूर्वी लग्नाची मुलगी असलेल्या घरासमोर झाडावर भांडी टांगत. सर्वांत वर लाल पातेलं. लग्न ठरलं की ते उतरवत.’ पोस्टातली बाई टपाल द्यायला आली, पाटी वाचून म्हणाली, “उतरवत म्हणजे कोण उतरवत?”

तीन म्हाताऱ्यांना विचारलं. एक म्हणाली बाप. दुसरी म्हणाली मुलगी. तिसरी म्हणाली, “आमचं वाऱ्याने पडलं.”

४ ऑगस्ट

बाबांना विचारलं, आईचं पातेलं कोणी उतरवलं होतं? म्हणाले, “आमच्या वेळी पातेलं रांगेत उभं राहून मिळायचं. आणि ते काय झाडाला टांगायचं?”

हेही पाटीवर लिहायला हवं. सरपंच लिहू देणार नाहीत. त्यांना शंभर वर्षं सुंदर हवीत.

आईचा फोन आला. पंधरा तारखेच्या सणाला येत नाही. तिकडे पादुआत ती ज्या म्हाताऱ्या बाईंची सेवा करते, त्या पडल्यात.

६ ऑगस्ट

सरपंचांचा हुकूम — मरियमच्या सणाला कामावर गेलेले सगळे इटलीहून येतील, फोटो काढतील, तेव्हा मोठ्या रस्त्यावरच्या प्रत्येक झाडावर भांडी हवीत. आज शेवटचं झाड झालं, पलागा आत्याच्या फाटकासमोरचं वाळलेलं नासपतीचं. त्याचा आकार सर्वांत छान, म्हणून लाल पातेलं तिथे, अगदी टोकाला. आत्या खालून सांगत होती, “डावीकडे घे. माझं डावं गं, तुझं नाही.”

तिला विधवा होऊन नऊ वर्षं झाली. त्या पातेल्याचा अर्थ दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आला नाही.

११ ऑगस्ट, रविवार

नेकिताकाका आले! वरच्या आळीतले, मेंढ्यांवाले. त्यांची बायको दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. चर्चमधून सरळ आत्याच्या फाटकाशी. काळी हॅट, पांढरा सदरा, बगलेत होरिंकाची, घरी गाळलेल्या दारूची, बाटली.

“पलागा, पातेलं पाहिलं. आलो.”

आत्या म्हणाली, “ते या पोरीने टांगलंय. प्रदर्शनाचं आहे. पाटी वाचली नाहीस?”

“चष्मा घरी राहिला. पातेलं दिसलं.”

मी समजावायला तोंड उघडलं. आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मिटलं. मग त्यांना म्हणाली, “आलाच आहेस तर बस. बाटली हातात धरून उभा राहू नकोस, लोक म्हणतील विकायला आलाय.”

फाटकाजवळच्या बाकावर दोघं बसली. मी आत मक्याच्या पिठाचा ममलिगा ढवळत राहिले. खूप वेळाने आत्याचं हसू ऐकू आलं. ते मी विसरले होते.

१६ ऑगस्ट

सण पार पडला. प्रदर्शनाला गर्दी होती. सूत कातायच्या चात्यांपुढे, कोळशाच्या इस्त्रीपुढे फोटो निघाले. इटलीच्या पैशांनी बांधलेली दुमजली घरं चार दिवस उजळली, पुढच्या आठवड्यात पुन्हा कुलपं. त्या घरांबद्दल माझ्या एकाही पाटीवर शब्द नाही.

आत्याचा मुलगा कलिन पादुआहून आलाय, बायको आणि सहा महिन्यांचं बाळ घेऊन. जेवताना मला म्हणाला, “तुदोरा, ते लाल पातेलं काढ. सगळं गाव मला विचारतंय, नवे वडील कसे आहेत म्हणून.”

आत्या म्हणाली, “मग सांग की, बरे आहेत. दात शाबूत आहेत.”

कलिनला हसू आलं नाही. ऑक्टोबरात वहिनीची रजा संपते, बाळाला बघायला आत्या पादुआला जाणार हे वसंतातच ठरलंय. बसचं तिकीटसुद्धा काढलंय. पाळणाघरात जागा ईस्टरनंतर. वहिनी हळूच म्हणाली, “आई, तुम्ही नाही आलात तर मला नोकरी सोडावी लागेल.” ती वाईट नाही. दमलेली आहे.

बाहेर आल्यावर कलिनने मला बाजूला घेतलं. “तू शिकलेली. तुझं ऐकते ती. समजाव.”

काय समजावू? पदवी घेतली तेव्हा ठरवलं होतं — मी इटलीच्या त्या बसमध्ये बसणार नाही. कोणीतरी इथे राहायला हवं. आता आत्याला बस पकडायला सांगू?

पातेलं काढलं नाही.

२५ ऑगस्ट, रविवार

नेकिताकाका पुन्हा. या वेळी बाटली नाही, बिजागरी आणली होती. आत्याचं फाटक आता करकरत नाही. आत्या म्हणते, “आता तो आला की कळणारच नाही.” तक्रार होती की काय, समजलं नाही.

१ सप्टेंबर, रविवार

आले नाहीत.

८ सप्टेंबर, रविवार

आजही नाहीत. आत्या दिवसभर घेवडा सोलत बसली. ढीग संपला तरी बोटं चालूच.

९ सप्टेंबर

उलगडा झाला. पोस्टातल्या बाईने सांगितलं: पहिल्या रविवारी नेकिताकाका वळणापर्यंत आले होते. झाडाकडे पाहिलं. लाल पातेलं नव्हतं. तिथूनच माघारी गेले.

पातेलं आदल्या शनिवारी आत्यानेच उतरवलं होतं. आलुबुखारचा मुरंबा घरातल्या कढईत मावेना, आणि एवढं मोठं भांडं दुसरं नव्हतं! त्यांना वाटलं, हिचं दुसरीकडे ठरलं.

आत्याला सांगितलं. मुरंब्याचा दुसरा घाणा शिजत होता. तिने डाव खाली ठेवला. “त्याला वाटलं माझ्या दारात रांग लागलीय?”

“जाऊन सांगू का त्यांना?”

“कशाला? ऑक्टोबरात मी निघालेच.”

“तुला काय हवंय, आत्या?”

तिने चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, “पहिल्या लग्नाच्या वेळी माझ्या बापाला विचारलं होतं. मग नवऱ्याला काय हवं ते, मग कलिनला. मला कोणी विचारलं की उत्तरच येत नाही.” पुन्हा मुरंबा ढवळू लागली. “रविवारी तो यावा असं वाटतं. एवढं कळतं. पण बाळाला टाकून कशी राहू? त्या तान्ह्याने काय केलंय?”

१० सप्टेंबर

तिला न विचारता वरच्या आळीत गेले. नेकिताकाका लोकर पिशव्यांत भरत होते. सगळं सांगितलं.

“मुरंब्यात आहे?” म्हणाले. पुन्हा विचारलं, “नक्की मुरंब्यात?” मग खाली बसले आणि हॅट काढून गुडघ्यावर ठेवली.

ऑक्टोबरचंही सांगितलं. त्यावर म्हणाले, “पोरी, मी पातेलं बघून आलो होतो. बाळ तिथून दिसत नव्हतं. बाळाच्या आड मी यायचा नाही.”

१५ सप्टेंबर, रविवार

आले. दोघं बाकावर बसली. आत्याने मुरंब्याची बरणी दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली, निरोपाची वस्तू धरावी तशी.

रात्री कलिनचा फोन. “बॅग भरली का तिने?” म्हटलं, “भरेल कोणीतरी.”

२२ सप्टेंबर

आईशी बोलले. तिच्या मागे त्या बाई हाका मारत होत्या, आई तिकडच्या भाषेत “आले, आले” म्हणत होती. मला म्हणाली, “तू तरी तिथे आहेस, हे बरं आहे.”

दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना.

५ ऑक्टोबर

हंगेरी मागे पडली. बसमध्ये बहुतेक बायकाच. शेजारची विचारते, “कोणाची म्हातारी सांभाळायची?” म्हटलं, “म्हातारी नाही, बाळ. ईस्टरपर्यंतच.” ती म्हणाली, “मीही ईस्टरपर्यंतच आले होते,” आणि मला अर्धी पोळी दिली.

राजीनामा काल दिला. सरपंच म्हणाले, जागा राखून ठेवता येणार नाही. आत्याचं तिकीट गेल्याच आठवड्यात माझ्या नावावर करून घेतलं होतं. उद्या सकाळी पादुआ. आईला कळवलेलं नाही.