गोठ्यातला मधला खांब

आबा, आज तुम्ही बांधलेला गोठा मी जॅकवर उचलला. राजूरच्या वरच्या अंगाचा तो सात खणांचा सागवानी गोठा, लाकडी खुंट्यांवर उभा, लोखंडाचा एक खिळा नाही. मधला खांब कलला म्हणून मालकांच्या मुलाला सगळंच पाडून पत्र्याची शेड मारायची होती. म्हातारे मालक अडून बसले. "पयलं मिस्त्रीला दावू, मग काय ते बोल," म्हणाले. मिस्त्री म्हणजे आता मी. खांब बदलता आला तर ठीक, नाहीतर तुमचं शेवटचं काम टेम्पोत भरून जाणार होतं.

जनावरं बाहेर काढली, तुळईला दोन्हीकडून टेकू दिले आणि जॅकचा दांडा धरला. बोटभर उचलायचं, थांबायचं, कान द्यायचा, हे तुमचंच शिकवणं. पहिल्या बोटाला काही झालं नाही. दुसऱ्याला आढं कुरकुरलं आणि कौलांतून धुळीची धार थेट मानेवर आली. मालकांचा मुलगा दारातूनच ओरडला, "भायेर या मिस्त्री, समदं बसंल खाली!" मी हललो नाही. लोकांना ते धाडस वाटलं. खरं म्हणजे पायच उचलत नव्हते. मग खांब सुटला. त्याचं बूड तळखड्याच्या दगडावर भुशासारखं पसरलं. म्हातारे आत आले, आडव्या खांबावरून त्यांनी हात फिरवला. "फांद्यांच्या गाठी खाली बघत्यात. ह्यो खांब उलटा उभा केलाय. तुज्या बापाचा हात कसा काय चुकला रं?"

हा गोठा उभारला त्या दिवशी तुम्ही राजूरच्या बाजाराला गेला होता. झाड रानात जसं उभं होतं तसाच खांब उभा करायचा, बुंधा खाली, शेंडा वर. म्हणून प्रत्येक बुंध्याला गेरूचं बोट लावून गेला होता. मी तेवीस वर्षांचा, माझ्या लेखी तुमच्यापेक्षा शहाणा. मधल्या खांबाचा बुंधा तळखड्याच्या खोबणीत बसेना. तासत बसलो असतो तर अर्धा दिवस गेला असता. मी गेरू पुसला आणि शेंड्याला लावला. संध्याकाळी तुम्ही येता तेव्हा तुळया चढलेल्या, खुंट्या ठोकलेल्या. तुमचा तळवा खांबावरून खाली येता येता एका गाठीशी थांबतो. मालक शेजारीच उभे. उतरवायचं तर सगळा गोठा सोडवावा लागणार. तुम्ही म्हणता, "झ्याक झालंय."

घरच्या वाटेनं मैलभर चाललो. मग म्हणालात, "गेरू पुसलास तू. पर गोठा माझ्या नावानं उभा ऱ्हानार हाय." दुसऱ्या दिवशी गेरूची वाटी माझ्या हातात दिलीत आणि पुन्हा कधी एकाही बुंध्याला बोट लावलं नाहीत. शिवी दिली असतीत तर बरं झालं असतं. त्या वाटीचा मला आजही राग येतो.

आणि आज म्हातारे माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होते. मी म्हणालो, "वय झालं हुतं बाबा त्येंचं. नजर कमी आल्ती." त्यांनी मान हलवली. "व्हय, आसंल."

सुईत दोरा शेवटपर्यंत तुम्हीच ओवून द्यायचात, आबा, आईलाही आणि मलाही.

नवा खांब उभा केला. बुंधा खाली आहे, तीनदा पाहिलं. जॅक काढला तेव्हा आढं एकदा करकरलं आणि गप्प झालं. गोठा वाचला. मुलगाही पत्र्याचं बोलायचा थांबला. उद्या जाऊन मालकांना खरं काय ते सांगेन, असं मी इथे लिहिलं होतं. मघाशी ती ओळ खोडली. घराच्या माळ्याचं कामही मलाच देतो म्हणालेत ते.