हान्याची आजी

आईस, लांबूनच नमस्कार.

आम्ही खुशाल आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? दादाला रोज तेल चोळून द्यायला सांग.

फोनवर तू विचारलंस, "पोरगी कुणाच्या रगताची हाय?" दत्तक देताना पोलंडच्या कोर्टातल्या बाईंनी तसलं काही न विचारता हान्याचा हात माझ्या हातात दिला. या देशाचे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत.

दादाच्या लेकीच्या बारशात कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा होता. तू "वांझेचा हात नको" म्हणून सगळ्या गारगोटी गावासमोर मला पाळण्यापासून ओढलंस.

हान्या तीन वर्षांची आहे, तरी मांडीवर घेऊन बारसं केलं. कानात नाव शेजारच्या पोलिश म्हातारीनं सांगितलं.

हान्या तिला आजी म्हणते. मराठीत. मीच शिकवलंय की.

तुझ्याच पोटची,
क्रांती