अण्णांचे दोन ठोके

ती. दादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात). तुझी तब्येत, वहिनीची गुडघेदुखी आणि तुझा तीन वर्षांचा अबोला, तिन्ही जागच्या जागी असतील असं धरून चालते. इकडे आईचे कान आणखी मंदावलेत. अण्णांची उजवी बाजू तशीच लुळी आहे, जीभही वळत नाही. पण डाव्या हातात काठी असली की सगळं घर दणाणून सोडतात.

तर हकीगत अशी. अण्णांना आंघोळीला बसायला स्टूल हवं होतं. मी बाजारातून प्लॅस्टिकचं आणलं. त्यांनी ते काठीनं असं ढकललं की थेट बादलीवर आपटलं (जन्मभर लाकूड तासलेल्या माणसाला प्लॅस्टिकवर बसवायला निघाले, माझीच अक्कल). म्हटलं, आपणच करू. सुताराची लेक असून त्या कामाच्या खोलीत मला कधी पाऊल टाकू दिलं नाही, ते सोड. तेहेतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली आहे. चार पाय आणि एक फळी, त्यात काय मोठंसं?

अरे देवा! पहिल्या दिवशी मी रंध्याचं पातं उलटं बसवलं. दुसऱ्या दिवशी सुलटं बसवलं आणि बोट कापून घेतलं. पण खरा जाच पलीकडून होता. अण्णांची खोली आणि कामाची खोली यांत भिंत एकच, हे तू जाणतोसच. मी रंधा मारायला लागले रे लागले की भिंतीवर काठी: ठक ठक. दोन ठोके. मी काय ते समजले, चुकतंय. लाकडाच्या रेषेविरुद्ध जात असेन म्हणून फळी फिरवली. ठक ठक. पातं दगडावर घासलं. ठक ठक. करवत घेतली, पटाशी घेतली, तरी आपलं ठक ठकच! जन्मभर पोरांच्या वह्यांवर लाल शाईच्या फुल्या मारल्या, त्याची ही फेड, दुसरं काय. सोळा पाय कापले तेव्हा चार जमले, आणि तेही चार उंचीचे. पोस्टमन दारातून डोकावून म्हणाला, बाई, घसरगुंडी का?

एक दिवस तर भुशात बसून रडले, खोटं कशाला सांगू. साठीला आलेली बाई, पण वाटलं, एकदा तरी त्यांनी एकच ठोका द्यावा. बरं झालंय म्हणावं.

एकोणिसाव्या दिवशी स्टूल झालं. डुगडुगतं, पण माणूस पेलतं. अण्णा बसले, काही बोलले नाहीत (बोलता येत नाही हे खरं, पण त्यांचं न बोलणं मला कळतं).

तू यावंस म्हणून हे पत्र नाही हं. त्या विजेच्या रंध्यापायी तू आणि अण्णा एकमेकांना जे बोललात ते तुमचं तुम्हाला लखलाभ. मला काही मागायचं नाही. वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात वेगळंच झालं. आई त्या भिंतीला टेकून भाजी निवडत होती. ठोके तिला ऐकू आले नाहीत, पाठीला लागले. म्हणाली, "अगं जा ना, बोलावतायत." मी म्हटलं, चूक दाखवतायत. तर म्हणाली, "चूक झाली की ते हत्यार हिसकावून घ्यायचे. दोन ठोके म्हणजे पलीकडचं टोक धर. लांब फळी चिरायची असली की दादाला असंच बोलवायचे."

तुला हे माहीत होतं. मला कोण सांगणार? एकोणीस दिवस ते तुला हाका मारत होते, आणि मी मेली फळ्या फिरवत बसले.

आणखी ता. क. डॉक्टर आज अण्णांना बघून गेले, म्हणाले, आठवडाभर. फार तर दहा दिवस. मघाशी मी एक फळी घेऊन त्यांच्या खोलीत गेले. एक टोक त्यांच्या डाव्या हातात दिलं, दुसरं मी धरलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे दाराकडे. फळी सोडून दिली, काठी उचलली आणि पुन्हा दोन ठोके दिले.

दादा, पत्र मिळताच निघ.