‘कच्चा खाईन’ प्रकरणाचा निकाल

आदरणीय, वंदनीय आणि (परवा फोन आपटला असलास तरी) लाडक्या मामा,

इकडे सगळे ठणठणीत. तुझा खोकला गेला का? मामीला नमस्कार. तिच्या मांजराला नको, ते मला चावलंय.

तर मामा, आपण जिंकलो. आईने तुला फोनवर अर्धवटच सांगितलं असणार, म्हणून पहिल्यापासून सांगते. दोन महिन्यांपूर्वी आई भोंग्याला (म्हणजे आपला धाकटा, वय चार, आवाज कारखाना सुटल्यासारखा) सर्दीसाठी सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. नर्सने सहज विचारलं, घरी कसा वागतो. आई म्हणाली, काय सांगू बाई, दिवसभर जीव खातो माझा, एक दिवस कच्चा खाईन मी याला. नर्स हसली. पण टेबलावर सरकारने नवीन मशीन बसवलंय. ते बोललेलं सगळं लिहून घेतं आणि मुलांवर देखरेख ठेवणाऱ्या ऑफिसला पाठवतं. त्याला हसता येत नाही. त्याने लिहिलं: आईचा मुलाला खाण्याचा विचार. न शिजवता.

चौथ्या दिवशी दोन माणसं दारात. त्यांनी फ्रीज उघडून बघितला. याआधी कुणाला खाल्लंय का, असंही विचारलं. (आईने बाबांकडे बघितलं. बाबा तेव्हापासून जरा दबून आहेत.)

त्या दिवसापासून आईने दवाखान्याचं नाव टाकलं. बाबा म्हणाले, शिवणाचं सोडून कुठल्याच मशीनवर आता माझा भरवसा नाही. शाळेच्या सभेला जायचे बंद झाले आणि पोस्टात खुणांनी बोलायला लागले. घरात सगळे छापील बोलायचे. बाळा, कृपया कपाटावरून उतरतोस का, असं आई म्हणायची आणि भोंगा घाबरून उतरायचा. अशात त्याचे कान वाहायला लागले. हाक मारली तर वळेना. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, लगेच दाखवा. तर आईला वाटलं, याही त्यांच्यातल्याच. त्याला मांडीवर घेऊन रडायची, पण नेईना. नेला आणि परत दिलाच नाही तर, म्हणायची. तेव्हा मात्र माझी मस्करी बंद झाली.

मी सरळ त्या ऑफिसात गेले. तिथल्या साहेबबाई म्हणाल्या, फाईल बंद करणं माझ्या हातात नाही, मशीन ठरवतं. त्यांच्याही टेबलावर तेच मशीन, दिवा मिचकावत. मी गोड तोंड करून विचारलं, बाई, एवढं काम एकट्या कशा करता हो? झालं, बांध फुटला. "अगं, वरचे साहेब रोज सोलून काढतात, ही नोकरी रक्त पिते, आणि घरी गेलं की पोरं डोक्यावर मिरे वाटतात."

पाच मिनिटांत त्यांची स्क्रीन लाल. कर्मचाऱ्याची कातडी सोललेली. रक्त प्यायलेलं. मुलांकडून डोक्यावर मसाला वाटण्याचा छळ. घरी भेट उद्या सकाळी.

बाईंनी स्क्रीन आधी भिंतीकडे वळवली. मग हळूच म्हणाल्या, "फ्रीजपण बघतात का गं?" मी म्हटलं, आधी फ्रीजच बघतात.

त्यांनी आईची फाईल काढली, स्वतःच्या हाताने ‘बोलण्याची पद्धत, गुन्हा नाही’ असं लिहिलं आणि दणकून शिक्का मारला. वर घरी येऊन आईची माफी मागितली, आमच्याबरोबर दवाखान्यात आल्या आणि आईसमोर तिथल्या मशीनची वायर काढली. तरी आई नर्सला म्हणाली, "आता नीट लिहून घ्या. जीव आहे हो माझा तो."

डॉक्टरांनी दोन्ही कानांतून शर्टाचं एकेक बटण काढलं. औषध चालू आहे, ऐकू यायला लागलंय. येताना आई भर रस्त्यात भोंग्याला म्हणाली, घरी चल, तंगडंच तोडते. इतकं बरं वाटलं, मामा.

तुझी विजयी भाची

ता.क. आईला वाटतं, ऑफिसला आपणहून चूक कळली. तसंच वाटू दे. पुढच्या तपासणीची तारीख तिने स्वतः कॅलेंडरवर लिहिलीय.

आणखी ता.क. त्या तपासणीत डॉक्टर भोंग्याला विचारणार आहेत, कानात बटणं घालायला कुणी शिकवलं. (घातली की आईची ओरड ऐकू येत नाही, एवढंच मी म्हणाले होते, माहिती म्हणून.) तपासणी शुक्रवारी आहे. गुरुवारपर्यंत मला तुझ्याकडे बोलावून घे, कारण काहीही सांग. शुक्रवारी तिथलं मशीन बंद असेल, आई मात्र चालू असेल.