प्रार्थनेची विनंती, नाव न घेता

३ तारीख, दुपारी
टपालाने आली: पुस्तकं तीन, मिशनच्या पुस्तकालयाकडून. एक, मुलांना प्रेमाने वळण कसं लावावं. दोन, ख्रिस्तामध्ये मी कोण. तीन, अवघड माणसांशी कसं वागावं. तिन्ही मिळून तीनशे दहा, टपालखर्च चाळीस. पंधरा दिवसांत कोरी करकरीत परत केली तर टपालखर्च सोडून पैसे परत. म्हणजे सगळं ज्ञान चाळिसात.

ठराव: पुस्तक चार बोटांपेक्षा जास्त उघडायचं नाही, पाठ मोडते. मी मॅट्रिक आहे, अर्ध्या पानावरूनही अर्थ लागतो.

कारण: लेक दहा दिवस माझ्याशी बोलत नाही. वीस तारखेला ती नर्सिंगच्या ट्रेनिंगला लांब जाणार. अबोल्यात लेक पाठवायची नाही, काहीही होवो.

माझी चूक नाही. सुई दिसली की चक्कर येते, हे तिने मला एकटीला सांगितलं, कुणाला सांगू नकोस म्हणाली. मी कुणालाही सांगितलं नाही. चर्चमधल्या महिलांच्या सभेत प्रार्थनेची विनंती म्हणून मांडलं. बावीस बायका हजर होत्या, पण सांगितलं ते देवाला.

५ तारीख
पुस्तक पहिलं, पान बारा. मुलाशी बोलताना त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर यावं. लेक माझ्याहून वीतभर उंच. स्टूल घेतलं, चढले, प्रेमाने बघत राहिले. तिने मुकाट्याने फडकं आणून माझ्या हातात दिलं आणि छताच्या जळमटांकडे बोट केलं. बारा दिवसांत पहिल्यांदा तिने मला काहीतरी दिलं. प्रगती आहे. जळमटंही निघाली.

७ तारीख
चांगल्या वागणुकीबद्दल चांदणी चिकटवावी, असं लिहिलंय. जुन्या चकचकीत कागदाच्या कापल्या. लेकीच्या दारावर दोन, सासूबाईंच्या पलंगाला दोन. हे म्हणाले, आम्हाला का नाही. घोरणाऱ्याला मिळत नाही, असं सांगितलं.

संध्याकाळी पुस्तक चुकून पाच बोटं उघडलं. आत लिहिलंय: वय वर्षे दोन ते पाच. हे मुखपृष्ठावर छापायला हवं होतं. (छापलंय. पण डाग पडू नये म्हणून मी आल्या दिवशीच वर्तमानपत्राचं कव्हर घातलं.)

१० तारीख
पुस्तक दुसरं. आपण कोण, ते एका वाक्यात लिहा. लिहिलं: मी प्रभूची लेक, आणि दुसऱ्याचं गुपित पोटात ठेवणारी. यांना वाचून दाखवलं. यांना ठसका लागला. पाणी दिलं तरी थांबेना. हवा बदलते आहे.

१२ तारीख
पुस्तक तिसरं. अवघड माणसाची बारा लक्षणं. पुस्तक कोरं राहावं म्हणून वेगळ्या कागदावर खुणा केल्या. लेक दोन, सासूबाई चार. हे एक, तेही गप्प बसण्याबद्दल. सहज म्हणून स्वतःची मोजली, दहा निघाली. लेखकाला संसाराचा अनुभव नसावा.

१४ तारीख
सभा. ठराव: अवाक्षर काढायचं नाही. पाळला. विनंत्या विचारल्या तेव्हा ओठ घट्ट मिटून बसले. पाळकबाईंनीच विचारलं, दाढ दुखतेय का. आता खोटं बोलणं पाप. म्हणून एवढंच म्हणाले की एका घरातली एक मुलगी आपल्या आईशी बोलत नाही. नाव घेतलं नाही. सगळ्यांनी डोळे मिटून त्या मुलीसाठी अर्धा तास प्रार्थना केली. नाव घेऊन.

१५ तारीख
लेक युनिफॉर्मचं माप द्यायला शिंपिणीकडे गेली. शिंपीण आमच्याच सभेतली. बाहीचं माप घेता घेता म्हणाली म्हणे, पोरी, आईचं मन मोडू नये गं. आणि पोरीला चक्कर नको म्हणून सुया पदराखाली लपवल्या.

लेक तरातरा घरी आली. आणि बोलली. बाबांशी. माझ्यादेखत बाबांना म्हणाली, आईला सांगा, माझ्यासाठी प्रार्थना करायची तर दार लावून करायची. मी लगेच उठून दार लावलं. ती म्हणाली, बाबा, तसं नाही.

१८ तारीख
पुस्तकं परत करायचा शेवटचा दिवस. दोन बांधली, तिसरं सापडेना. शेवटी लेकीच्या ट्रंकेत मिळालं, युनिफॉर्मखाली. पानं दुमडलेली, पेनाच्या रेघा. एका ठिकाणी छापलंय, क्षमा रोज नव्याने करावी लागते. त्याखाली दुहेरी रेघ आणि समासात तिच्या अक्षरात: रोज??

होतं तसं ठेवून दिलं. हिशेबात लिहिलं: अवघड माणसं, नग एक, परत जाणार नाही.

२० तारीख
गाडी सुटता सुटता लेक खिडकीतून वाकली आणि बोलली. माझ्याशी. म्हणाली, आई, तुला पत्रात सगळं लिहावंसं मला वाटतं गं, पण ते तुझ्यापाशी राहायला हवं. मी शपथ घ्यायला हात वर केला. तेवढ्यात गाडी हलली. तिला वाटलं मी टाटा करतेय. तिनेही केला.

२७ तारीख, सकाळी
पत्र आलं. यांच्या नावाने. यांनी मागच्या दारी बसून वाचलं, खिशात घातलं आणि शर्ट काढून अंघोळीला गेले. धुण्याआधी खिसे तपासणं ही या घरची शिस्त आहे.

लिहिलंय: पहिल्याच दिवशी इंजेक्शन बघून दोनदा पडले. तिसऱ्यांदा भिंत धरून उभी राहिले. बाबा, एवढ्यात आईला सांगू नका. हे महिनाभर सभेत पोचलं नाही, तर पुढचं पत्र तिच्याच नावाने टाकीन.

महिनाभर. एवढंच ना.

त्याच दिवशी, संध्याकाळी
सभा होती. ठराव मोडलेला नाही. लेकीचा विषयसुद्धा काढला नाही. मी फक्त उपकारस्तुतीची, म्हणजे आभाराची, प्रार्थना मागितली, देवाने जगात भिंती ठेवल्या त्याबद्दल. पाळकबाई म्हणाल्या, कुठली भिंत?

२८ तारीख
लेकीला पत्र टाकलं. नक्कल ठेवते.

बाळा, तू दोनदा पडलीस हे मला अजिबात माहीत नाही. सभेतल्या बायकांनाही नाही, त्या नुसती प्रार्थना करताहेत. शिंपीण विचारते, डोक्याला तर लागलं नाही ना. तुझं पुढचं पत्र माझ्या नावाने येणार होतं, हेही मला ठाऊक नाही. पण ते अजून येईल का? बाबांच्या नावाने लिहिलंस तरी चालेल, धुणं माझ्याकडेच असतं. एका ओळीत लिही, पण उलट टपाली कळव.